घरी बनवलेल्या विमानाचं इन्स्ट्रुमेंट पॅनल: डोळ्याला, हाताला आणि घाबरलेल्या मेंदूला सोयीचं कसं बनवतात?

मी चाकणला गाड्यांच्या डिजिटल क्लस्टरचं सॉफ्टवेअर लिहितो. क्लस्टर म्हणजे स्टीअरिंगमागचा तो स्क्रीन, ज्यावर स्पीड, पेट्रोल आणि वॉर्निंगचे दिवे दिसतात. दिवसभर हेच काम करतो आणि मोशीच्या घरी आल्यावर बेडरूममध्ये पुठ्ठ्याच्या विमानात बसतो. आई त्याला 'तुझं खोकं' म्हणते. खोकंच आहे ते. एक जुनी गाडीची सीट, फ्लाइट सिम्युलेटर चालवणारा पीसी आणि समोर एक पॅनल. पण या खोक्याने मला जे शिकवलं, ते ऑफिसातल्या चार वर्षांत शिकलो नव्हतो.

या लेखात आपण बघणार आहोत की छोट्या, स्वतः बनवलेल्या विमानाचं इन्स्ट्रुमेंट पॅनल कसं आखतात, कुठलं यंत्र कुठे बसवतात, आणि एक नॉब चुकीच्या जागी बसवला तर काय होऊ शकतं. विमान बनवायचं नसेल तरी वाचा. ॲप बनवत असाल, सिम रिग बनवत असाल किंवा बाइकवर मोबाइल होल्डर लावत असाल, तरी यातल्या बऱ्याच गोष्टी कामाला येतील.

घरी विमान? खरंच?

हो, आणि आपल्या महाराष्ट्रातच. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते गच्चीवरून खाली उतरवून बीकेसीच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ठेवलं गेलं आणि तेव्हा सगळ्या देशाला कळलं. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, त्याची नोंदणी केली. नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी. उड्डाण चाचणीसाठी लागणारं 'परमिट टू फ्लाय' मिळायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला.

म्हणजे आपल्याकडे घरी विमान बांधणं अशक्य नाही, पण सोपंही नाही. अमेरिकेत मात्र हा मोठा छंद आहे. तिथे हजारो लोक गॅरेजमध्ये किट आणून विमान जोडतात. 'एक्सपेरिमेंटल' वर्गात त्याची नोंद होते. कारखान्यात बनणाऱ्या छोट्या विमानांना कॉकपिटबद्दल जे कडक डिझाइन नियम असतात, ते या वर्गाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यामुळे पॅनल कसं असावं हे बांधणारा स्वतः ठरवतो. मजा तिथेच आहे आणि धोकाही तिथेच.

पॅनलवर नेमकं काय काय असतं?

चार गट लक्षात ठेवा.

१. उड्डाणाची यंत्रं: वेग, उंची, विमान तिरकं आहे की सरळ, कुठल्या दिशेला चाललंय.
२. इंजिनाची यंत्रं: आरपीएम, ऑइलचं प्रेशर आणि तापमान, इंधन किती उरलंय.
३. रेडिओ आणि दिशादर्शन: कंट्रोल टॉवरशी बोलायचा रेडिओ, जीपीएस, ट्रान्सपॉन्डर.
४. हाताने चालवायच्या गोष्टी: स्विच, सर्किट ब्रेकर, थ्रॉटल, फ्लॅप, इंधनाच्या टाकीचा सिलेक्टर.

नवीन माणूस पहिल्या गटात अडकतो, कारण ती यंत्रं दिसायला भारी असतात. पण माणसाला गोत्यात आणणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा चौथ्या गटातल्या असतात. का, ते पुढे येईलच.

सहा घड्याळं आणि एक 'टी'

जुन्या विमानाच्या कॉकपिटचा फोटो बघा. पायलटच्या समोर सहा गोल घड्याळं, तीन-तीनच्या दोन ओळींत. वरच्या ओळीत डावीकडे वेग, मध्ये कृत्रिम क्षितिज, उजवीकडे उंची. खालच्या ओळीत डावीकडे वळण दाखवणारं यंत्र, मध्ये दिशा, उजवीकडे चढण्या-उतरण्याचा वेग. कृत्रिम क्षितिज म्हणजे वर निळं, खाली तपकिरी असलेलं यंत्र. बाहेर ढग असले आणि काहीच दिसत नसलं तरी विमान कुठे कललंय ते यावर कळतं.

वरची तीन आणि खालचं मधलं, या चौघांचा मिळून इंग्रजी 'टी' अक्षरासारखा आकार होतो. म्हणून याला 'बेसिक टी' म्हणतात. पायलटची नजर पुन्हा पुन्हा मधल्या क्षितिजावर येते, मग वेगाकडे जाते, परत मध्ये येते, उंचीकडे जाते, परत मध्ये. जे सगळ्यात जास्त वेळा बघायचं ते मध्ये. साधं लॉजिक आहे.

याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. ही मांडणी सगळीकडे जवळपास सारखी असते. म्हणजे एका विमानावर शिकलेला माणूस दुसऱ्या विमानात बसला तरी डोळे आपोआप योग्य जागी जातात. तुमच्या फोनचा कीबोर्ड उद्या कोणी 'जास्त सुंदर' क्रमाने लावून दिला तर काय होईल? तेच. म्हणून होमबिल्टमध्ये स्वातंत्र्य असलं तरी 'टी' मोडू नका, असं अनुभवी लोक सांगतात.

रंगांचंही तसंच. वेगाच्या घड्याळावर पांढरा पट्टा म्हणजे फ्लॅप वापरता येतील असा वेग, हिरवा म्हणजे नेहमीचा, पिवळा म्हणजे फक्त शांत हवेत, आणि लाल रेघ म्हणजे हा वेग कधीच ओलांडायचा नाही. दिव्यांत लाल म्हणजे आत्ता काहीतरी करा, पिवळसर म्हणजे लक्ष ठेवा. आपल्या गाड्यांच्या क्लस्टरमध्येही हेच चालतं. पॅनलला शोभून दिसतो म्हणून साध्या माहितीचा दिवा लाल करू नये. उद्या खरा लाल दिवा लागला तर डोळा त्याला किंमत देणार नाही.

एक नॉब, डाव्या खांद्यामागे

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी या विषयात अडकलो.

१२ ऑक्टोबर १९९७. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरीजवळ आपलं नवं घेतलेलं छोटं विमान उडवत होता. विमान होतं लाँग-ईझी, म्हणजे घरी बांधलेलं. ते त्याने स्वतः बांधलं नव्हतं, दुसऱ्याने बांधलेलं विकत घेतलं होतं. तो अनुभवी पायलट होता. विमान समुद्रावर असताना अचानक खाली आलं आणि पाण्यात कोसळलं. डेन्व्हर जागीच गेला.

अमेरिकेत अपघातांचा तपास करणारी संस्था म्हणजे एनटीएसबी. तिच्या तपासात पुढे आलं ते असं. या विमानाला दोन टाक्या होत्या, आणि कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते एका सिलेक्टरने ठरायचं. मूळ डिझाइनमध्ये हा सिलेक्टर पायलटच्या दोन पायांच्या मध्ये, समोर होता. पण बांधणाऱ्याने तो बदलून पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, हा त्यामागचा विचार. विचार वाईट नव्हता. पण त्या जागी पोचायचं तर स्टिक सोडून अख्खं शरीर वळवायला लागायचं. वर सिलेक्टरच्या दांड्यावर कुठली बाजू कुठली टाकी हे लिहिलेलं नव्हतं. इंधन किती आहे ते दाखवणाऱ्या काचाही सीटच्या मागे होत्या.

उड्डाणाच्या आधी डेन्व्हरने आणि एका तंत्रज्ञाने यावर चर्चाही केली होती. दांड्याला पक्कड लावून तो लांब करता येतो का, हे त्यांनी करून बघितलं. जमलं नाही. मागच्या काचा बघायला तंत्रज्ञाने त्याला एक आरसा दिला. इंधन भरून घ्यायला डेन्व्हरने नकार दिला, कारण फेरी छोटीच होती.

तपास करणाऱ्यांनी तशा विमानात बसून हीच हालचाल करून बघितली. सिलेक्टर पकडायला डावीकडे मागे वळलं की उजवा पाय आपोआप ताणला जातो आणि उजवं रडर पेडल दाबलं जातो. एनटीएसबीने या अपघाताच्या कारणांत तो सिलेक्टर अवघड जागी, खुणा न करता बसवण्याचा बांधणाऱ्याचा निर्णय स्पष्टपणे लिहिला. त्याचबरोबर पायलटची अपुरी तयारी आणि कमी इंधन हेही लिहिलं. म्हणजे चूक एकाची नव्हती. पण सुरुवात ड्रॉइंगवरच्या एका निर्णयापासून झाली होती.

हे तुम्ही घरी करून बघू शकता. खुर्चीवर ताठ बसा. दोन्ही पायांखाली एक-एक मऊ उशी ठेवा. पोटावर ओढणी किंवा बेल्ट घट्ट बांधा. आता उजव्या हाताने डाव्या खांद्याच्या मागची भिंत शिवायचा प्रयत्न करा आणि उजव्या पायाखालच्या उशीकडे लक्ष द्या. मी केलं तेव्हा उशी पार दबली होती आणि मला पत्ताच नव्हता.

'सरासरी माणूस' नावाचा माणूसच नसतो

मग पॅनल कोणाच्या मापाने बनवायचं? १९५० च्या सुमारास अमेरिकेच्या हवाई दलाला हाच प्रश्न पडला. त्यांची कॉकपिट सरासरी मापाने बनवलेली होती, तरी पायलटना ती बसत नव्हती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने ४,०६३ पायलटांची मापं तपासली. उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं घेतली. त्याने विचारलं की या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असणारे किती? उत्तर आलं, एकही नाही. शून्य. तेव्हापासून पुढे-मागे सरकणारी सीट आणि ॲडजस्ट होणारी पेडल यांना महत्त्व आलं.

होमबिल्ट बांधणाऱ्याला इथे एक फायदा आहे. त्याचा पायलट कोण हे त्याला माहीत असतं. त्यामुळे आधी स्वतःची मापं घ्या.

डोळा: सीटवर बसून, पाठ टेकवून, डोळा जमिनीपासून आणि पॅनलपासून किती लांब आहे ते मोजा. माझ्या खोक्यात डोळ्यापासून पॅनल ७० सेंटिमीटरवर आहे. माणसाची आरामातली नजर क्षितिजाच्या साधारण १५ अंश खाली पडते. ७० सेंटिमीटरवर त्याचा अर्थ होतो, डोळ्याच्या पातळीपासून जवळजवळ १९ सेंटिमीटर खाली. मुख्य यंत्रं या रेषेच्या आसपास हवीत. पण पॅनलचा वरचा काठ इतका वर नको की नाकापुढची धावपट्टीच दिसणार नाही. छोट्या विमानात पायलट बहुतेक वेळ बाहेर बघतो. पॅनल हे खिडकीच्या खालचं फर्निचर आहे, खिडकी नाही.

हात: खांद्याचे पट्टे घट्ट बांधून हात पुढे करा. पट्टे सैल असताना माझा हात पॅनलच्या सगळ्या कोपऱ्यांत पोचत होता. घट्ट बांधल्यावर उजवीकडचे स्विच चार बोटं लांब राहिले. आणि हवा खराब असते तेव्हाच तर पट्टे घट्ट असतात.

गुडघा: पेडल पूर्ण दाबून आणि स्टिक सगळीकडे फिरवून बघा. पॅनलच्या खालच्या काठाला गुडघा लागतो का? माझा लागला. पहिल्या डिझाइनमध्ये मी तिथे मास्टर स्विच ठेवला होता, तो गुडघ्याने बंद होत होता. पुठ्ठ्याचा होता म्हणून हसलो.

मान: वारंवार लागणारा रेडिओ गुडघ्यापाशी ठेवू नका. ढगात वळण चालू असताना मान खाली घालून वळवली की कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा फसते आणि विमान गडगडतंय असं वाटायला लागतं. घाटात एसटीच्या मागच्या सीटवर मोबाइल बघितल्यावर जे होतं, त्याचा मोठा भाऊ समजा. रेडिओ वर, हाताजवळ हवा.

न बघता ओळखता आलं पाहिजे

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांत उतरल्यानंतर पायलट फ्लॅप वर घ्यायच्या ऐवजी चाकं आत घ्यायचे. विमान पोटावर बसायचं. सगळे म्हणायचे, पायलटची चूक. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं, तर चाकांचा आणि फ्लॅपचा कंट्रोल शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे. त्याने उपाय केला तो अगदी साधा. चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक, फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा. हाताला लागताच कळायला लागलं.

आज विमानांत चाकांचा नॉब चाकासारखा आणि फ्लॅपचा नॉब पंखाच्या छेदासारखा असतो तो यामुळेच. इंजिनाच्या नॉबचे रंगही ठरलेले आहेत. थ्रॉटल काळा, प्रोपेलर निळा, मिक्स्चर लाल. होमबिल्टमध्ये लोक कधीकधी बारा सारखे टॉगल स्विच एका ओळीत लावतात. फोटोत झकास दिसतात. पण लँडिंग लाइट आणि फ्युएल पंप यांचे स्विच शेजारी आणि सारखे असतील, तर कधी ना कधी चुकीचा दाबला जाणारच.

मी तीन नियम पाळतो.

१. बंद झाला तर इंजिन थांबेल असा प्रत्येक स्विच वेगळ्या आकाराचा, झाकणाचा किंवा ओढून फिरवायचा.
२. एकाच कामाचे स्विच जवळ, वेगवेगळ्या कामांच्या गटांत किमान दोन बोटांचं अंतर.
३. इंधनाचा सिलेक्टर समोर, दिसेल असा, आणि दांडा ज्या दिशेला त्याच दिशेची टाकी. 'ऑफ' करायला मुद्दाम वेगळी कृती लागली पाहिजे.

टचस्क्रीनबद्दल: तुम्ही भोसरीहून चाकणला पीएमपीच्या बसने जात असाल, तर एक प्रयोग करा. हात पूर्ण लांब करून, कुठेही न टेकवता, समोर धरलेल्या फोनवर दहा आकडी नंबर टाइप करा. वाटेत खड्डा आला की कितीदा चुकतं ते मोजा. हवेतले धक्के असेच असतात. म्हणून चांगल्या टचस्क्रीनच्या कडेला बोटं टेकवायला काठ असतो, आणि महत्त्वाच्या कामांना खरे फिरणारे नॉब असतात.

ऊन, रात्र आणि काळा गॉगल

पॅनलच्या वर पुढे आलेली छोटी पडवी असते, तिला ग्लेअरशील्ड म्हणतात. तिच्यामुळे ऊन थेट यंत्रांवर पडत नाही. तिचा वरचा भाग चमक नसलेल्या गडद रंगाचा हवा, नाहीतर तिचंच प्रतिबिंब पुढच्या काचेत दिसतं. गाडीच्या डॅशबोर्डवर पांढरा कागद ठेवून दुपारी गाडी चालवली असेल तर लगेच कळेल. पॅनलसाठीही चकचकीत कार्बन फायबर फिनिशपेक्षा मॅट करडा रंग डोळ्याला बरा.

रात्री उलटा त्रास. प्रकाश जास्त असेल तर बाहेरचं दिसत नाही. म्हणून प्रत्येक स्क्रीन आणि दिवा जवळजवळ शून्यापर्यंत मंद करता आला पाहिजे. एक जरी निळी एलईडी मंद होत नसेल तरी ती रात्रभर डोळ्यात खुपते. माझ्या खोक्यात यूएसबी चार्जरची एलईडी अशीच निघाली. शेवटी तिच्यावर काळी टेप लावली.

पोलराइज्ड गॉगल घालून फोनचा स्क्रीन हळूहळू फिरवून बघा. बऱ्याच स्क्रीनवर एका कोनात सगळं काळं होतं. विमानात स्क्रीन फिरवता येत नाही, म्हणून बसवण्याआधी गॉगल घालून तपासा. अक्षरांचा आकार हा मुद्दाही आहेच. ७० सेंटिमीटरवरून सहज वाचायला अंकांची उंची किमान ४ मिलिमीटर हवी, आणि वेग-उंचीसारखे अंक त्याहून बरेच मोठे.

मग सगळं एका स्क्रीनवर का नको?

आजकाल होमबिल्टमध्ये सहा घड्याळांऐवजी एक-दोन मोठे स्क्रीन असतात. त्यांना ईएफआयएस म्हणतात. वायरिंग कमी, वजन कमी, माहिती भरपूर. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला ते आवडतातच.

पण २०१० मध्ये एनटीएसबीने छोट्या विमानांचा अभ्यास केला. नव्या स्क्रीनची विमानं आणि जुन्या घड्याळांची विमानं यांची तुलना केली. स्क्रीनवाली विमानं एकूण जास्त सुरक्षित ठरली नाहीत. उलट त्यांच्यात जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त निघालं. स्क्रीन वाईट असा याचा अर्थ नाही. या दोन प्रकारची विमानं वापरली जातात तीही वेगवेगळ्या पद्धतीने. पण यंत्र बदललं की त्याचं प्रशिक्षण वेगळं लागतं, हा तिथला मोठा धडा होता.

यातलं कारण मला माझ्या कामातून कळतं. आमच्या एका जुन्या प्रोजेक्टमध्ये, कंपनीचं नाव नको, आम्ही एक वॉर्निंग दुसऱ्या पानावर टाकली. पहिलं पान 'क्लीन' दिसावं म्हणून. कोड मी लिहिला होता आणि मला तो फार आवडला होता. टेस्ट रायडर परत येऊन म्हणाला, "सर, दिवा लागलाच नाही." दिवा लागला होता. दुसऱ्या पानावर. तो मला सर म्हणत होता आणि मला जमिनीत जावंसं वाटत होतं.

म्हणून स्क्रीन लावताना हे बघा.

१. स्क्रीन बंद पडला तर वेग आणि उंची दुसऱ्या कुठल्या स्वतंत्र यंत्रावर दिसते का? विजेशिवाय चालणारं वेगाचं आणि उंचीचं छोटं घड्याळ अजूनही बरेच जण ठेवतात.
२. स्क्रीनला स्वतःची बॅकअप बॅटरी आहे का?
३. रीस्टार्टला किती सेकंद लागतात? तेवढा वेळ कशाकडे बघायचं?
४. इंधन आणि ऑइल प्रेशरची वॉर्निंग कुठल्याही पानावर असताना दिसते का?

यंत्रं कमी असली तरी चालतं, हेही विसरू नका. हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. ग्लायडरमध्ये इंजिन नसतं. पॅनलवर वेग, उंची, चढ-उतार आणि होकायंत्र एवढंच असलं तरी भागतं. बऱ्याच ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. धागा सरळ तर विमान हवेत सरळ, तिरका तर विमान घसरतंय. किंमत जवळपास शून्य, जागा बरोबर नजरेसमोर, बॅटरी नको. यापेक्षा चांगला इंटरफेस मी अजून बघितला नाही.

पॅनलच्या मागची बाजू

पुढून सुंदर, मागून भेंडोळं असं पॅनल बरेच असतात. नंतर एक सेन्सर बदलायला डोकं खाली पाय वर करून घुसावं लागतं. म्हणून पॅनल तीन वेगळ्या तुकड्यांत करतात आणि प्रत्येक तुकडा चार स्क्रूंवर बाहेर निघतो. वायरी थोड्या लांब ठेवतात, म्हणजे तुकडा मांडीवर घेऊन काम करता येतं. घरातली पीव्हीसी वायर वापरू नये, जळाली की तिचा धूर विषारी असतो. त्यासाठी विमानाची वेगळी वायर मिळते. होकायंत्राजवळ स्पीकर, लोखंडी स्क्रू किंवा जास्त करंटची वायर नको. तिथे पितळी स्क्रू लावतात.

पॅनलचा पत्रा साधारण दीड ते सव्वादोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा असतो. मोठ्या गोल यंत्राचं भोक ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. छोट्याचं सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर.

इथे आपल्या पट्ट्याचा फायदा आहे. भोसरी एमआयडीसी, तळवडे, चाकण, कुठेही जा, लेझर कटिंगवाला सापडतो. ड्रॉइंगची डीएक्सएफ फाईल पेन ड्राइव्हवर दिली की काम होतं. मी माझी फाईल इंचात काढली होती आणि सांगायला विसरलो. मशीनवरच्या दादांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "भाऊ, तीन मिलिमीटरच्या भोकातून काय बघणार तुम्ही?" त्यांनी विचारलं म्हणून पत्रा वाचला. तेव्हापासून फाईलच्या नावातच 'मिमी' लिहितो.

पत्रा कापण्याआधी: पुठ्ठ्याचं पॅनल

हा या लेखाचा सगळ्यात उपयोगी भाग.

१. खऱ्या मापाचा जाड पुठ्ठा घ्या. आपल्याकडे पॅकिंगच्या पुठ्ठ्याला तोटा नाही.
२. यंत्रांचे खऱ्या मापाचे प्रिंट काढा आणि टाचणीने लावा. चिकटवू नका, जागा बदलणारच आहे.
३. नॉबच्या जागी बाटल्यांची वेगवेगळी झाकणं स्क्रूने बसवा.
४. पट्टे घट्ट बांधून बसा आणि पूर्ण उड्डाण तोंडाने म्हणत करा. इंजिन सुरू, टॅक्सी, टेक-ऑफ, उतरणं. प्रत्येक वेळी हात खरोखर त्या जागी न्या.
५. आता डोळे मिटा. मित्राला सांगा की त्याने मध्येच ओरडावं, "टाकी बदल!" किंवा "आग, मास्टर बंद!" हात तीन सेकंदांत बरोबर जागी गेला नाही, तर जागा चुकलीय.
६. हेच रात्री, दिवे बंद करून. हेच जाड हातमोजे घालून.
७. एक आठवडा तसंच ठेवा. रोज दहा मिनिटं बसा. मग पत्रा कापा.

माझ्या वेळी ओरडायचं काम लहान बहिणीने केलं. पहिल्या दिवशी ११ पैकी ४ वेळा हात चुकला. पाचव्या डिझाइनमध्ये चूक शून्यावर आली. त्या पाचव्या डिझाइनमध्ये मूळचे सहा स्विच उरलेच नव्हते, आणि इंधनाचा सिलेक्टर पायांच्या मध्ये, समोर आला होता. १९९७ च्या त्या विमानाच्या मूळ ड्रॉइंगमध्ये होता, तिथेच.

नेहमीचे प्रश्न

भारतात मी विमान बांधून उडवू शकतो का?
डीजीसीएची नोंदणी आणि उडवण्याची परवानगी घेतल्याशिवाय नाही. कायदेशीर प्रक्रिया लांब आहे, हे अमोल यादव यांच्या तारखांवरून दिसतंच. सिम्युलेटरचं कॉकपिट बनवायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. आईची सोडून.

पॅनलवर मोबाइल किंवा टॅब्लेट लावला तर?
नकाशासाठी बरेच पायलट टॅब्लेट वापरतात. पण उन्हात तो तापून बंद पडू शकतो. म्हणून ज्याच्यावाचून अडेल अशी कुठलीही गोष्ट फक्त त्यावर नको.

डिझाइन कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये करू?
लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड दोन्ही फुकट आहेत आणि डीएक्सएफ देतात. पण सुरुवात पुठ्ठ्यानेच करा.

शेवटी एकच

आरामदायक पॅनल म्हणजे महागडं पॅनल नाही आणि फोटोत छान दिसणारंही नाही. सगळं ठीक चाललेलं असताना कुठलंही पॅनल चालून जातं. प्रश्न त्या दोन मिनिटांचा असतो, जेव्हा इंजिन खोकतंय, पट्टे घट्ट आहेत, हात थरथरतोय आणि डोळ्यांना बाहेर बघायचंय. त्या वेळी हात न शोधता जिथे जाईल, तिथे ती गोष्ट असली पाहिजे.

परवा ऑफिसात नव्या क्लस्टरचं डिझाइन आलं. ऑइल प्रेशरची वॉर्निंग तिसऱ्या पानावर होती. मी पुठ्ठा मागवला.